अर्धा झाडावर, अर्धा मातीत

ऑस्ट्रेलियातल्या सरड्यांच्या संगोपनाच्या कामात सर्वात जास्त वेळा कानावर पडणारा प्रश्न म्हणजे ‘याला खायला काय घालायचं?’ त्याखालोखाल दिव्याचा प्रश्न येतो आणि मग पेटीच्या आकाराचा. ‘हा नेमका कोणता सरडा आहे?’ असं विचारणारे मात्र थोडे. ते आपल्याला ठाऊकच आहे, अशी बहुतेकांची खात्री असते. दुकानातल्या चिठ्ठीवर नाव असतं, परवान्याच्या कागदावर असतं, नाहीतर शेजाऱ्याने सांगितलेलं असतं. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पेटीत आजारी पडलेल्या सरड्यांच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या न विचारलेल्या प्रश्नात असतं. खाणं, ऊब, उजेड, फांद्या, माती, अंडी उबवण्याचं तापमान हे सगळं जातीवरून ठरतं. जात चुकली की पुढची सगळी मेहनत प्रामाणिक असूनही वाया जाते. संगोपनाची सुरुवात ओळखीपासून होते आणि ती ओळख पाळणाऱ्याने स्वतः, प्राण्याचं अंग पाहून आणि त्याचं मूळ गाव विचारून करायला हवी. हे मत मी इथे एकाच सरड्याच्या आधाराने मांडणार आहे. तो सरडा म्हणजे आग्नेय ऑस्ट्रेलियातला जॅकी ड्रॅगन.

त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅम्फिबोल्युरस म्युरिकाटस. १७८८ साली ऑस्ट्रेलियात वसाहत करायला निघालेला इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीला उतरला. त्या ताफ्यासोबत आलेले शल्यविशारद जॉन व्हाइट यांनी १७९० साली लंडनमध्ये छापलेल्या प्रवासवृत्तांतात या सरड्याचं वर्णन केलं. म्हणजे युरोपीय विज्ञानाला ऑस्ट्रेलियातले जे सरडे सर्वांत आधी माहीत झाले, त्यांपैकी हा एक. आग्नेय क्वीन्सलंडपासून न्यू साउथ वेल्सच्या पूर्व भागातून व्हिक्टोरिया आणि पुढे साउथ ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकापर्यंत कोरड्या निलगिरी वनांत आणि झुडपी माळांवर तो आढळतो. ‘ड्रॅगन’ म्हटल्यावर कोमोडोचा अजस्र प्राणी डोळ्यांपुढे येतो, पण तो घोरपडीच्या कुळातला. ऑस्ट्रेलियात ज्यांना ड्रॅगन म्हणतात ते आपल्या बागेतल्या सरड्याचे भाऊबंद. कुंपणावर बसून मान हलवणारा आपला नेहमीचा सरडा आणि जॅकी एकाच अ‍ॅगॅमिडे कुळातले. त्यामुळे सिडनी-मेलबर्नच्या उपनगरांत नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला अंगणातला जॅकी ओळखीचा वाटतो, आणि त्यात काही चूक नाही. पण कुळ ओळखलं म्हणजे जात ओळखली, असं होत नाही. ऑस्ट्रेलियात या कुळाच्या सत्तरहून अधिक जाती आहेत. लाल वाळूत बिळं करून राहणाऱ्या आहेत, पाण्यात बुडी मारणाऱ्या आहेत, आणि झाडाच्या खोडाला चिकटून दिवस काढणाऱ्याही आहेत.

जॅकीचं वर्णन ‘अर्धा झाडावर राहणारा’ असं केलं जातं. या ‘अर्धा’मध्येच त्याच्या संगोपनाचं सगळं गणित आहे. तो उंच शेंड्यांवर फारसा जात नाही. पडलेलं खोड, झुडपाची आडवी फांदी, कुंपणाचा खांब, फार तर माणसाच्या उंचीपर्यंतची जागा त्याला पुरते. तिथे बसून तो ऊन खातो आणि खालच्या जमिनीवर नजर ठेवतो. मुंगी, माशी, भुंगेरा, टोळ असं काही हललं की उतरून पकडतो आणि पुन्हा जागेवर येतो. धोका दिसला तर खाली उडी टाकून झुडपात घुसतो. मादी अंडी घालते ती जमिनीत खड्डा खणून. म्हणजे पाहणं, तापणं आणि इतरांना खुणा करणं फांदीवर. खाणं, लपणं आणि वंश वाढवणं मातीत. पेटीत यातला एक अर्धा भाग दिला आणि दुसरा विसरला, तर प्राणी जगतो पण त्याचं जगणं पांगळं होतं. नुसत्या उंच, फांद्यांनी भरलेल्या पेटीत त्याला धावायला जमीन मिळत नाही. नुसत्या सपाट पेटीत त्याला टेहळणीची जागा मिळत नाही आणि तो दिवसभर काचेवर नखं घासत राहतो. पेटी लांब हवी, त्यात तिरक्या आणि आडव्या जाड फांद्या हव्यात, आणि खाली खणता येईल अशी खोल माती हवी. उंची आणि लांबी यांतलं एक निवडायची वेळ आलीच, तर जॅकीसाठी मी लांबी निवडेन.

आता अडचण अशी की एकट्या सिडनीच्या आसपास जॅकीशी गल्लत होईल असे निदान तीन सरडे राहतात. पहिला पूर्वेकडचा दाढीवाला ड्रॅगन, दुसरा वॉटर ड्रॅगन, तिसरा ब्लू माउंटन्सच्या थंड टापूतला माउंटन ड्रॅगन. उत्तरेला आणि आत देशात गेलं की नोबी ड्रॅगनही यादीत येतो. पूर्ण वाढलेला दाढीवाला किंवा वॉटर ड्रॅगन ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत. घोळ होतो तो पिल्लांचा. बोटाएवढ्या पिल्लाकडे वरवर पाहिलं तर सगळेच करड्या-तपकिरी रंगाचे, लांब शेपटीचे आणि पाठीवर फिकट ठिपके-पट्टे असलेले दिसतात. अशा वेळी पिल्लू तळहातावर घ्यावं, छातीखाली बोटांचा आधार द्यावा, शेपटीला हात लावू नये आणि क्रमाने बघत जावं. अंग किती रुंद आहे? दाढीवाल्याचं धड चपटं असतं आणि कुशीला काट्यांची झालर असते. जॅकीचं धड सडपातळ असतं आणि एकूण लांबीचा मोठा हिस्सा शेपटीचा असतो. शेपूट बाजूंनी दाबल्यासारखी आहे का, आणि डोळ्यामागून कानावरून मानेकडे जाणारा रुंद गडद पट्टा आहे का? तसं असेल तर तो वॉटर ड्रॅगन. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना मोठ्या काट्यांची ओळ आहे का? असेल तर माउंटन ड्रॅगन. मग मांडी बघावी. जॅकीच्या मांडीवर बारीक खवल्यांच्या मधे मोठे काटेरी खवले विखुरलेले असतात, आणि उलट बाजूने बोट फिरवलं तर ते टोचतात. शेवटी तोंड. घाबरलेला जॅकी जबडा उघडून दाखवतो तेव्हा आतून भडक पिवळा-नारिंगी रंग दिसतो. नोबीच्या तोंडात तो भडकपणा नसतो. यातली एक खूण पुरत नाही, कारण पूर्वेकडच्या दाढीवाल्याचंही तोंड आतून पिवळंच असतं. तीन-चार खुणा एकाच जातीकडे बोट दाखवू लागल्या, तरच निर्णय करावा.

या यादीत मी पाठीचा रंग मुद्दाम धरलेला नाही. नवखा माणूस सर्वांत आधी रंगाकडे बघतो, आणि तिथेच फसतो. या कुळातल्या सरड्यांचा रंग हा बराचसा त्या वेळच्या परिस्थितीचा असतो. सकाळी अंग थंड असताना सरडा काळवंडतो, कारण गडद अंग ऊन लवकर शोषतं. अंग तापलं की फिकट होतो. भांडणात वेगळा दिसतो, भीतीत वेगळा, कात टाकायच्या आधी निस्तेज. नर आणि मादी यांच्या पाठीवरच्या पट्ट्यांतही फरक असतो. एकाच जॅकीचे सकाळचे आणि दुपारचे फोटो शेजारी ठेवले तर ते दोन जातींचे वाटावेत, इतका हा बदल असू शकतो. म्हणून फोटो पाहून जात सांगा असं कुणी म्हटलं, तर मी आधी मांडीचा, मानेमागचा आणि शेपटीच्या बुडाचा फोटो मागतो. त्यासोबत दुसरा प्रश्न विचारतो: हा प्राणी किंवा त्याचे आईबाप मूळचे कुठले? गाव कळलं की निम्म्या शक्यता आपोआप गळतात. टास्मानियात या कुळातला माउंटन ड्रॅगन हा एकच सरडा राहतो. तिथल्या रानातल्या सरड्याला कुणी जॅकी म्हटलं, तर खवले मोजायचीही गरज नाही.

ओळख चुकली की काय होतं, ते आधी खाण्यात दिसतं. जगभर सर्वांत जास्त पाळला जाणारा ऑस्ट्रेलियन सरडा म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातला दाढीवाला ड्रॅगन, पोगोना व्हिटिसेप्स. साहजिकच पुस्तकं, दुकानं आणि तयार खाद्य हे सगळं त्याच्या मापाचं. तो लहानपणी किडे खातो आणि मोठेपणी त्याच्या खाण्यात पानाफुलांचा वाटा फार मोठा होतो. जॅकी मात्र जन्मभर मुख्यतः किडेखाऊच राहतो. जॅकीला दाढीवाला समजून पाळणारा माणूस पिल्लू मोठं झालं की नियमाप्रमाणे किडे कमी करतो आणि पालेभाजी वाढवतो. प्राणी रोडावत जातो, आणि मालकाला वाटतं की हा नखरे करतो आहे. दुसरी चूक मऊ, गोड फळांची. या कुळाचे पुढचे काही दात सोडले तर बाकीचे जबड्याच्या कडेवरच घट्ट बसलेले असतात आणि पडले तर पुन्हा येत नाहीत. मऊ खाण्याचा थर त्यांच्या बुडाशी साचतो, हिरड्या सुजतात आणि पुढे जबड्याचं हाड कुजतं. कडक पाठीचे, हालचाल करणारे किडे फोडून खाणं ही या दातांची खरी राखण. हल्ली बाजारात मिळणाऱ्या रातकिड्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. म्हणून किड्यांना आधी नीट खाऊ घालायचं आणि देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, हे अर्थातच आलं.

पण पोटात गेलेलं कॅल्शियम हाडात उतरायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते या सरड्यांच्या कातडीत यूव्हीबी किरणांनी तयार होतं. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. काचेआड ठेवलेला सरडा उन्हात बसलेला दिसतो, पण त्याच्या हाडांना त्याचा उपयोग नसतो. यूव्हीबी दिवा लावला तरी प्रश्न सुटला असं नाही, कारण काही महिन्यांत दिव्याचा उजेड दिसायला तसाच राहतो आणि यूव्हीबी घटत जातो. जाळीही त्यातला काही भाग अडवते. उबेचंही असंच. जॅकी दिवसा आपलं अंग साधारण ३५ अंशांच्या आसपास ठेवतो आणि त्यासाठी दिवसभर ऊन-सावली बदलत राहतो. म्हणून पेटीभर सारखी ऊब उपयोगाची नाही. एका टोकाला, दिव्याखालच्या फांदीवर, ४० अंशांच्या वर तापणारी जागा हवी, दुसरं टोक २५ च्या आसपास हवं, आणि मधल्या पायऱ्या सरड्याने स्वतः निवडाव्यात. तापलेली जागा जमिनीवर ठेवली, तर तापायचं की टेहळणी करायची हे त्याला निवडावं लागतं, आणि जॅकी बहुधा टेहळणी निवडतो. मग अंग पुरेसं तापत नाही, अन्न पचत नाही, प्राणी सुस्तावतो. दक्षिणेतला प्राणी असल्यामुळे हिवाळ्यात तो आपणहून मंदावतो. तेव्हा त्याला बळजबरीने तापवत आणि भरवत ठेवणं हाही त्याच्या गावाचा विसर पडल्याचाच प्रकार.

जॅकीची शेपूट हे या ओळखीतलं मोठं प्रकरण आहे. पालीला जशी नवी शेपूट सहज फुटते, तशी या सरड्याला फुटत नाही. आणि ही शेपूट नुसती तोल सांभाळायला नसते. दुसरा नर दिसला की फांदीवरचा नर आधी शेपटीचे जलद झटके देतो. शेपूट हवेत चाबकासारखी फिरते, बाकी अंग स्थिर असतं. समोरच्याचं लक्ष वेधलं गेलं की मग पुढचा पाय मागे-पुढे फिरवतो आणि शेवटी छाती उचलून खाली आपटल्यासारखं अंग झुलवतो. हे सगळं इतकं झटपट होतं की नुसत्या डोळ्यांना एखादीच हालचाल वाटते. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात रिचर्ड पीटर्स आणि क्रिस्टोफर इव्हान्स यांनी या खुणांचा बारकाईने अभ्यास केला. पुढे पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिलं की पंख्याने आजूबाजूची झुडपं हलवली, तर सरडा शेपटीचे झटके एका दमात देण्याऐवजी थांबून थांबून आणि जास्त वेळ देतो. वाऱ्याने पानं हलत असताना आपली खूण त्यात हरवू नये, म्हणून. अरुंद पेटीत अशा शेपटीचं टोक काचेवर घासून जखमी होतं, कात अडकून वाळतं आणि गळून पडतं. त्यासोबत त्याचं बोलणंच अर्धं जातं. दुसरं म्हणजे काचेतून कायम दिसणारा दुसरा नर, किंवा काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब, त्याला दिवसभर भांडणाच्या तयारीत ठेवतं. दाढीवाल्याच्या तुलनेत जॅकी जास्त बुजरा आणि चपळ आहे. त्याला हाताळणं कमी आणि आडोसा जास्त लागतो. हे न जाणता त्याला मांडीवर घेऊन बसण्याचा आग्रह धरणं त्याच्या जिवावर उठतं.

ओळखीचं सर्वांत ठोस प्रमाण अंड्यांत सापडतं. जॅकीच्या पिल्लाचं लिंग अंडं कोणत्या तापमानात उबलं यावर ठरतं. फार थंड किंवा फार उबदार जागी नुसत्या माद्या निपजतात. साधारण २७ ते ३० अंशांच्या पट्ट्यातच नर आणि माद्या दोन्ही मिळतात. डॅनियल वॉर्नर आणि रिक शाइन यांनी २००८ साली ‘नेचर’मध्ये या सरड्यावरचा अभ्यास छापला. त्यांनी काही अंड्यांवर संप्रेरकाचा मार्ग रोखणारं रसायन वापरून एरवी नर निपजत नाहीत अशा तापमानांतही नर मिळवले, आणि पिल्लांना मोठं होऊन प्रजनन करू दिलं. प्रत्येक लिंग ज्या तापमानात निसर्गतः निपजतं, त्याच तापमानात उबलेले नर आणि माद्या प्रजननात सरस ठरतात, हे त्यातून दिसलं. मध्य ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्याचं याहून वेगळं. त्याचं लिंग गुणसूत्रांवर ठरतं, पण अंडी ३२ अंशांच्या वर उबली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लंही मादी होऊन बाहेर येतात. २००७ साली हे प्रयोगशाळेत दिसलं आणि २०१५ साली मोकळ्या रानातही सापडलं. एकाच कुळातल्या दोन सरड्यांचे हे दोन वेगवेगळे नियम. एकाचा नियम दुसऱ्याला लावला, तर पाळणाऱ्याची एक पिढीच्या पिढी एकाच लिंगाची निघू शकते, आणि ते त्याच्या लक्षात यायलाही मोसम जातो. तसंच अंडी घालायला ओलसर, खोल माती मिळाली नाही, तर मादी खणत, चकरा मारत थकते आणि अंडी पोटातच अडकतात. जॅकीला केवळ झाडावरचा समजून पेटीचा तळ कागदाने झाकणाऱ्याला हा धोका दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की दाढीवाल्याच्या नियमांनी पाळलेला जॅकीही जगतो, मग एवढा काटेकोरपणा कशासाठी? त्याला जोडून दुसरं म्हणणं येतं की पेटीत जन्मलेल्या पिढ्यांचा रानाशी संबंध सुटलेला असतो. पहिल्या म्हणण्यात तथ्य आहे. ऊब, यूव्हीबी, कॅल्शियम, स्वच्छ पाणी या मूळ गोष्टी दोघांनाही लागतात, आणि त्या मिळाल्या तर प्राणी बरेच दिवस तग धरतो. पण सरडा आपलं दुखणं लपवतो. हाडं मऊ होणं, हिरड्या कुजणं, अंडी अडकणं हे महिनोन् महिने चालू असतं आणि दिसायला लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तग धरणं हा संगोपनाचा निकष मानायचा नसेल, तर ‘जगतो’ हे उत्तर पुरेसं नाही. दुसऱ्या म्हणण्याबाबत एवढंच सांगता येईल की निवडक पैदाशीने रंग थोड्या पिढ्यांत बदलतो, माणसाची सवयही लागते. पण दात कसे रुजलेले आहेत, अंडं कोणत्या तापमानात काय होतं, अंग किती तापवायचं, हे लाखो वर्षांत घडलेलं आहे. ते चार पिढ्यांत पुसलं जात नाही. उलट रंग बदलल्यामुळे पेटीतल्या प्राण्याची ओळख जास्तच कठीण होते, आणि खवल्यांकडे बघण्याची गरज वाढते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शास्त्रज्ञच नावं बदलत राहतात, मग सामान्य पाळणाऱ्याने कोणत्या नावावर विश्वास ठेवायचा? नावं बदलतात हे खरंच. दाढीवाले सरडे पूर्वी जॅकीच्याच अ‍ॅम्फिबोल्युरस या प्रजातीत गणले जात. पर्थच्या संग्रहालयातले ग्लेन स्टॉर यांनी १९८२ साली त्यांची पोगोना ही वेगळी प्रजाती केली. नोबीचं वर्णन जेफ्री विटन यांनी १९७२ साली जॅकीच्या प्रजातीत केलं, पुढे तो डिपोरिफोरा या प्रजातीत गेला. १९८४ साली विटन आणि कॉव्हेंट्री यांनी मॅली झुडपांच्या कोरड्या टापूतला नॉरिस ड्रॅगन ही जॅकीला जवळची जात वेगळी ओळखली. आपल्याकडेही हेच घडलं. गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारे सडे-माळांवरचे सरडे दीर्घकाळ एक-दोन नावांखाली दडपले गेले होते. २०१६ साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या नव्या जाती आणि एक नवी प्रजाती मांडली, आणि त्यातली एक साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर राहते. पण या सगळ्या बदलांत सरडे बदलले नाहीत, त्यांच्याबद्दलचं आपलं ज्ञान वाढलं. ज्यांनी प्राण्यासोबत गाव आणि अंगावरच्या खुणा लिहून ठेवल्या होत्या, त्यांना नवं नाव आलं तेव्हा आपली नोंद सहज दुरुस्त करता आली. ज्यांच्याकडे नुसतं नाव होतं, त्यांचं बाद झालं. नुसत्या आडनावावरून माणसाचं गाव सांगायला जावं, तसं ते. म्हणून नाव बदलतं हे ओळख सोडून देण्याचं कारण ठरत नाही. ओळख खुणांसकट लिहून ठेवण्याचं मात्र ठरतं.

चौथा आक्षेप पाळण्यावरच आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. रानात छान जगणारा प्राणी पेटीत ठेवावाच कशाला? माझं उत्तर असं की रानातला निरोगी जॅकी उचलायचाच नाही, आणि ऑस्ट्रेलियाचा कायदाही तेच सांगतो. न्यू साउथ वेल्समध्ये आणि व्हिक्टोरियात देशी सरपटणारे प्राणी पाळायला सरकारी परवाना लागतो, आणि प्राणी परवानाधारकाकडूनच, पेटीत पैदास झालेला घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत देशी सरडे व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे इतर देशांत विकले जाणारे दाढीवाले तिथेच पिढ्यानुपिढ्या पैदास झालेले असतात. अंगणातल्या जॅकीला मदत करायची असेल, तर पडकी लाकडं आणि झुडपं तशीच राहू द्यावीत आणि मांजर आवरावं. पेटीतला प्राणी रानात सोडणं हाही उपकार नाही. नॅनिझिऑप्सिस नावाची, कातडी पोखरणारी बुरशी आधी पाळीव दाढीवाल्यांत माहीत होती. नंतर ती ब्रिस्बेनच्या मोकळ्या वॉटर ड्रॅगनांतही आढळली. मात्र जे प्राणी आधीच पेटीत जन्मले आहेत, ज्यांना सोडता येत नाही, जखमी होऊन शुश्रूषेसाठी आले आहेत, त्यांची जबाबदारी कुणीतरी घ्यावीच लागते. आणि तिथे ओळखीचं महत्त्व दुप्पट होतं. जखमी रानटी प्राणी बरा झाल्यावर जिथून आला तिथेच सोडायचा असतो. चुकीच्या नावाने चुकीच्या टापूत सोडला, तर शुश्रूषेचं पुण्य पदरात पडत नाही.

या सगळ्यातून पाळणाऱ्याने कामाचा एक क्रम शिकावा असं मला वाटतं. सरडा घरी आणण्याआधी त्याचं मूळ गाव विचारावं आणि लिहून घ्यावं. मांडी, मानेमागचा भाग, शेपटीचं बूड, धडाची रुंदी आणि तोंडाचा आतला रंग बघावा, आणि निदान तीन खुणा एका जातीकडे बोट दाखवेपर्यंत नाव पक्कं करू नये. त्या जातीच्या रानातल्या दिवसावरून पेटी आखावी: तापायची जागा उंचावर, लपायची जागा खाली, अंड्यांसाठी माती खोल, शेपटीला मोकळी लांबी. इथवर केलं तरी ओळख संपत नाही. पहिले काही आठवडे प्राण्याकडूनच तिची तपासणी करून घ्यावी. जॅकी म्हणून ठेवलेला सरडा आडव्या फांदीवर बसत नसेल, पाण्यातच पडून राहत असेल, किंवा सगळा वेळ जमिनीवर चपटा होऊन काढत असेल, तर आधी पेटीची मांडणी तपासावी, आणि ती बरोबर असेल तर स्वतःच्या निदानावर शंका घ्यावी. सरड्याला आपलं नाव सांगता येत नाही, पण आपण कुठल्या जागेसाठी घडलो आहोत हे तो रोज वागण्यातून दाखवतो. ते बघायची आणि त्याप्रमाणे आपलं मत बदलायची तयारी ज्याची आहे, त्याच्याच हाती असा प्राणी असावा. परवान्याच्या अर्जात अनुभव, पेटी आणि दिवे यांची चौकशी होते. त्याआधी अर्जदाराला एक सरडा ओळखून दाखवायला सांगितलं, तर अर्ध्याहून जास्त आजार पेटीच्या बाहेरच राहतील.